हॉटेलवाला उपरी

स्वित्झर्लंडहून परत आल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न आहे, "एका रात्रीचे किती पडले?" थेट विचारणारे थोडे, आडून विचारणारे पुष्कळ. पैसे मुलाने भरले आणि आकडा त्याने शेवटपर्यंत सांगितला नाही. ह्यांनी स्वागतकक्षातून हळूच एक पत्रक उचललं, पण त्यात नुसती चित्रंच निघाली. तेव्हा तो विषय इथेच मिटला असं समजावं. मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या हॉटेलात दोन रात्री राहून मी जी गोष्ट घेऊन आले ती एका साबणवाल्याची आहे, आणि ती कळल्यापासून मला सारखी आपली पेशवाईतली गावं आठवत आहेत. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड जाता जात नाही.

आधी ठिकाण सांगते. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेलगत, झेरमाट नावाचं गाव आहे. उंची साधारण १६०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर जिथे संपतं, जवळजवळ तिथे हे गाव सुरू होतं. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी. विजेवर चालणाऱ्या ठेंगण्या डबेवजा गाड्या गल्लीतून आवाज न करता अंगावर येतात, त्यामुळे पहिला अर्धा तास मी ह्यांचा हात सोडला नाही. गावातून वर गोर्नरग्राटपर्यंत दात्यांच्या रुळावरची आगगाडी जाते. ती १८९८ साली सुरू झाली, आणि स्वित्झर्लंडमधली ती विजेवर चालणारी पहिली दात्यांची गाडी. अर्ध्या वाटेवर, २२०० मीटरच्या थोडं वर, रिफेलआल्प नावाचं स्टेशन लागतं. तिथे उतरलं की एक खेळण्यातली वाटावी अशी ट्राम उभी असते. ती तुम्हाला देवदारासारख्या झाडांमधून, पाऊण किलोमीटरही नसेल एवढं अंतर, हॉटेलच्या दारात नेऊन सोडते. सामान आपण उचलायचं नाही. ते आपल्याआधी खोलीत पोचलेलं असतं.

खोलीचं वर्णन करत बसत नाही. गादी मऊ, पांघरूण हलकं, नळाला पाणी गरम, आणि खिडकीत मॅटरहॉर्न. ४४७८ मीटर उंचीचा तो सुळका एकटाच उभा आहे, मान जराशी वाकडी करून. टाळेबंदीच्या दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, या डोंगरावर रात्री प्रकाशाने आपला तिरंगा उमटवला होता. तो फोटो तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला असेल. तोच हा डोंगर. पहाटे त्याचं टोक आधी गुलाबी होतं, मग केशरी, मग ऊन खाली उतरतं. हॉटेलातली श्रीमंत मंडळी उठून, अंगात जाड झगे घालून, कॉफीचे कप हातात धरून नुसती बघत बसतात. नातू बाहेरच्या उघड्या, कोमट पाण्याच्या तलावात डुंबत होता आणि ह्यांनी दोन स्वेटरवर कोट चढवला होता. ऐषाराम म्हणजे काय, असं कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, थंडीचा त्रास होऊ न देता थंडी बघायला मिळणं.

जेवणघराच्या वाटेवर जुनी छायाचित्रं होती. लांब झगे घातलेल्या बायका, छत्र्या, खेचरं, दोरखंड घेतलेले पुरुष. मूळ हॉटेल १८८४ साली उघडलं. ते १९६१ साली आगीत गेलं, आता उभं आहे ते नंतरचं. ते पहिलं हॉटेल बांधणाऱ्याचं नाव अलेक्झांडर झाइलर. खाली गावात पाहावं तिथे हेच नाव. मोंते रोझा हॉटेल झाइलरचं, मों सेर्व्हां हॉटेल झाइलरचं. मला वाटलं गावचे पाटीलच असणार. चौकशी केली तर कळलं की उलट आहे. हा गृहस्थ गावचा नव्हताच, आणि गावाने त्याला आपला म्हणायला अठरा वर्षं झुंजवलं.

दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं झेरमाट म्हणजे गरीब, दुर्गम खेडं. राय, बटाटे, गाई, शेळ्या. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद. डोंगराकडे कोणी कौतुकाने बघत नव्हतं. तिथून दरडी येतात, हिमलोट येतात, गुरं मरतात, एवढंच त्यांना ठाऊक. १७८९ साली जिनिव्हाचा मोठा शास्त्रज्ञ सोस्यूर खिंड ओलांडून या गावात उतरला, तर त्याला रात्रीपुरता आसरा मिळायची मारामार झाली. शिधा विकत द्यायलासुद्धा लोक तयार नव्हते. परका माणूस म्हणजे संशय. यात नवल काही नाही, आपल्याकडेही आडवाटेच्या गावात फार वेगळं घडलं नसतं.

मग १८३८-३९ च्या सुमारास लाउबर नावाच्या गावातल्या वैद्याने घरात तीन खाटा टाकून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. येणारे बहुतेक इंग्रज. डोंगर चढणं हा रिकामपणचा छंद होऊ शकतो ही कल्पना त्यांचीच. जगातली पहिली गिर्यारोहकांची संस्था, अल्पाइन क्लब, १८५७ साली लंडनमध्ये निघाली, जिथे डोंगर औषधालाही नाही.

अलेक्झांडर झाइलर १८१९ चा, याच कॅन्टनातल्या पण दुसऱ्या खोऱ्यातल्या ब्लिट्सिंगेन गावचा. धंदा साबणाचा आणि मेणबत्त्यांचा. त्याचा एक भाऊ झेरमाटच्या चर्चमध्ये धर्मगुरू होता. त्याने याला सुचवलं की इकडे ये, पाहुणे वाढत आहेत, त्यांना राहायला धड जागा नाही. झाइलर आला, लाउबरचं घर त्याने घेतलं, वाढवलं आणि १८५५ साली मोंते रोझा नावाने हॉटेल चालवायला लागला. बायको काथारिना स्वयंपाकघरापासून पाहुण्यांच्या आजारपणापर्यंत सगळं पाहायची. मोंते रोझा हे इंग्रज गिर्यारोहकांचं माहेरच झालं. दारासमोरच्या बाकावर, भिंतीला टेकून, वाटाडे आणि साहेब एकत्र बसलेले आहेत असं एक चित्र फार प्रसिद्ध आहे. ते एडवर्ड व्हिंपर या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराचं. आणि याच व्हिंपरमुळे झेरमाटचं नाव जगभर झालं, पण ज्या कारणाने झालं ते भयंकर आहे.

१३ जुलै १८६५ रोजी सातजण झेरमाटहून मॅटरहॉर्नवर निघाले. तोवर त्या शिखरावर कोणी पोचलं नव्हतं. व्हिंपर पंचवीस वर्षांचा. हडसन हा पाद्री, चांगला मुरलेला. त्याच्याबरोबर आलेला हॅडो एकोणीस वर्षांचा आणि डोंगरात अगदी नवखा. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस अठरा वर्षांचा. फ्रान्समधला वाटाड्या मिशेल क्रो. आणि झेरमाटचे दोघे, पीटर टाउगवाल्डर बाप आणि त्याच नावाचा मुलगा. १४ तारखेला दुपारी ते शिखरावर पोचले. उतरताना सगळे एकाच दोराने बांधलेले. हॅडोचा पाय घसरला, तो क्रोवर आदळला, त्या दोघांच्या ओढीने हडसन गेला, मग डग्लस. वर थोरल्या टाउगवाल्डरने खडकाला मिठी मारली. त्याच्या आणि डग्लसच्या मधला दोर ताणला गेला आणि तुटला. चौघे खालच्या हिमनदीवर कोसळले. तिघांची प्रेतं मिळाली. डग्लस आजवर सापडलेला नाही.

तो दोर गावातल्या संग्रहालयात काचेखाली ठेवला आहे. मी बराच वेळ बघत उभी होते. आपण कपडे वाळत घालायला बांधतो तेवढाच तो जाड. त्यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते आणि नेमका सर्वांत कच्चा तिथे लागला होता. तो कसा लागला यावर लोक आजही भांडतात.

परत आल्यावर व्हिंपर गेला तो मोंते रोझाच्या दारात. बातमी पहिल्यांदा ऐकणारा माणूस झाइलर. पुढे चौकशी बसली. ती बसली मों सेर्व्हां हॉटेलात, आणि चौकशी अधिकारी क्लेमेन्त्स हाच त्या हॉटेलचा बांधणारा आणि मालक! (आपल्याकडे अशा योगायोगावर वर्तमानपत्रांनी पंधरा दिवस काढले असते.) कोणावरही दोष आला नाही. पण त्या जबान्या कित्येक दशकं लोकांना वाचायला मिळाल्या नाहीत, आणि तेवढ्या अवधीत गावात आणि बाहेर कुजबुज चालूच राहिली की म्हाताऱ्या टाउगवाल्डरने जीव वाचवायला दोर कापला. त्याचा धंदा बसला, काही काळ तो अमेरिकेत जाऊन राहिला. माणूस स्वतःच्या गावातही कसा परका होतो त्याचं हे उदाहरण आहे. पण आपल्याला परत झाइलरकडे जायचं आहे.

कोणालाही वाटेल की एवढ्या अपघातानंतर लोक यायचे थांबतील. झालं उलटं. तो डोंगर बघायला झुंबड उडाली. १८६७ साली झाइलरने क्लेमेन्त्सचं मों सेर्व्हांही विकत घेतलं. १८७१ साली लूसी वॉकर ही मॅटरहॉर्न चढणारी पहिली स्त्री ठरली, तीही लांब झगा घालून. आपल्या नऊवारीत किमान कासोटा तरी असतो! १८७८ मध्ये अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन आला आणि त्याने रिफेलबर्ग हा साधा, हॉटेलपर्यंतचा चढ मोठ्या लवाजम्यासह सर केल्याची खोटीखोटी मोहीम आपल्या प्रवासाच्या पुस्तकात रंगवली. गिर्यारोहणाची चेष्टा करायची वेळ आली, म्हणजे ते किती पसरलं होतं ते समजावं.

त्याच १८७१ साली झाइलरने गावाकडे अर्ज केला. मला तुमच्यात घ्या.

इथे जरा थांबून समजावून सांगायला हवं. झाइलर स्विस होता, त्याच कॅन्टनाचा होता, गावात राहत होता, कर भरत होता, हॉटेलं त्याच्या नावावर होती. मग आणखी काय हवं होतं? तर तिकडे गावाचे दोन थर असतात. एक, गावात राहणारे सगळे. दुसरा, गावचे बुर्गर. (नातवाला हा शब्द सांगितल्यावर तो पोट धरून हसला. खायचा नव्हे रे.) बुर्गर म्हणजे पिढीजात गावकरी. गावाच्या चौफेरचं जंगल, उंचावरची उन्हाळी कुरणं, पाणी, हे सगळं त्यांच्या सामायिक मालकीचं. कोणी किती गाई वर न्यायच्या, कोणी किती लाकूड तोडायचं, ते बुर्गर ठरवणार. आणि सामायिक कामं, रस्ता, पाट, पूल, तीही त्यांनीच अंगमेहनतीने करायची. ही जमीन झेरमाटच्या लोकांना कोणी दान दिलेली नव्हती. जहागीरदारांचे हक्क त्यांच्या पूर्वजांनी थोडेथोडे पैसे साठवून विकत घेतले होते. ते सोडवून घेणं १६१८ साली पुरं झालं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोटाला चिमटा काढून मिळालेलं स्वातंत्र्य.

हे वाचताना मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपले मिरासदार आणि उपरी!

नव्या पिढीसाठी सांगते. मराठेशाहीतल्या गावात शेती करणारे दोन प्रकारचे असत. मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेने त्याची. सारा भरत राहिला तर सरकारही त्याला हलवू शकत नसे. दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन आपली मिरास मागू शकत असे. गावच्या बैठकीत त्याला बसायला जागा, लग्नकार्यात मान. आणि उपरी म्हणजे बाहेरून आलेला. जमीन कसायला घेतली, सारा भरला, इथेच म्हातारा झाला, तरी तो उपरीच. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या दोन वर्गांची दखल घ्यावी लागली, कारण या फरकाखेरीज गाव कळतच नव्हतं. मात्र आपल्याकडे उपऱ्याला एक वाट होती. गावाने मान्य केलं तर रीतसर मिरासपत्र करून तो मिरासदार होऊ शके. झाइलर जे मागत होता ते हेच मिरासपत्र.

गावाने नाही म्हटलं.

पहिल्या वाचनात माझी सगळी सहानुभूती झाइलरकडे गेली. ज्याने गावाला जगाच्या नकाशावर आणलं, ज्याच्यामुळे वाटाड्यांना, खेचरवाल्यांना, धोबिणींना रोख पैसा दिसला, त्याला हे लोक दारात उभं करतात! पण मग बुर्गरांच्या बाजूने विचार करून पाहिला. एका माणसाकडे गावातली मोठी हॉटेलं आहेत. त्याला हॉटेलांसाठी लाकूड लागतं, दूध लागतं, नव्या इमारतींना जागा लागते. तो आत आला की जंगलात वाटा, कुरणात वाटा, मतात वाटा. गरीब शेतकऱ्याच्या दोन गाई आणि झाइलरचा व्याप एकाच कुरणावर आले तर कुरण कोणाचं राहील? आपल्या गायरानांचं काय झालं ते आपण पाहिलेलंच आहे. गायरान खाणारा नेहमी परगावचाच असतो असं नाही हा भाग निराळा. पण झेरमाटच्या लोकांची धास्ती नुसत्या कोत्या मनाची होती असं मला म्हणवत नाही.

आणि ते लोक नुसते नाही म्हणून बसले नाहीत. आपणही हॉटेल काढायचं असं बुर्गरांनी ठरवलं. घराघरातून माणसं कामाला आली आणि १८७९ साली गावच्या मालकीचं भलंथोरलं झेरमाटरहोफ हॉटेल उभं राहिलं. आता गंमत पाहा. हॉटेल बांधणं आणि हॉटेल चालवणं यात अंतर आहे. ते चालवायला अखेर दिलं कोणाला? भाडेपट्ट्याने, झाइलरला. म्हणजे एकीकडे गाव त्याच्याशी भांडतंय आणि दुसरीकडे तोच गावाचा भाडेकरू. दोन्ही पक्षांना यात काही विचित्र वाटलं नसावं. खेड्यात राहिलेल्या माणसाला वाटणारही नाही. बांधावरून कोर्टात जाणारे दोन भाऊ एकाच बैलगाडीतून तालुक्याला जाताना मी लहानपणी पाहिले आहेत.

खटला कॅन्टनच्या सरकारपर्यंत गेला, तिथून बर्नपर्यंत. दरम्यान झाइलरने १८८४ मध्ये वर रिफेलआल्पचं हॉटेल बांधलं, आम्ही राहिलो ती जागा. वय पासष्ट. साठीनंतर माणूस दोन हजार मीटरच्या वर हॉटेल बांधायला काढतो आणि खाली गाव त्याला गावकरी मानत नाही. शेवटी १८८९ साली वरच्या हुकमाने झेरमाटला त्याचं नाव बुर्गरांत घालावं लागलं. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. १८९१ साली खालच्या खोऱ्यातून झेरमाटपर्यंत आगगाडी आली आणि त्याच वर्षी झाइलर वारला. पुढे त्याचे दोन मुलगे देशाच्या लोकसभेत निवडून गेले. बुर्गरांची संस्था आजही आहे, जंगल तिचंच आहे, झेरमाटरहोफ तिचंच आहे आणि ३१०० मीटरवरचं गोर्नरग्राटचं हॉटेलही तिचंच. म्हणजे ज्या भीतीने ते अठरा वर्षं भांडले ती खरी ठरली नाही. की भांडले म्हणूनच खरी ठरली नाही? मला ठरवता आलेलं नाही.

झाइलरजवळ निदान वकील होते आणि अठरा वर्षं दम धरायची ऐपत होती. या हॉटेलांमध्ये दुसरेही उपरी होते, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

आमची खोली आवरायला येणारी बाई पोर्तुगीज होती. आडनाव असं की आपल्या गोव्यातली वाटावी. सूनबाईला जर्मन येतं, तिच्यामार्फत थोड्या गप्पा झाल्या. झेरमाटमध्ये पोर्तुगीज लोक बरेच आहेत, हॉटेलांचा गाडा त्यांच्यावर चालतो. या बाईची आई १९८० नंतरच्या काळात इकडे खोऱ्यातल्याच एका हॉटेलात कपडे धुवायला होती. तेव्हा तिथे हंगामी कामगारांचा कायदा होता. १९३४ पासून चालत आलेला. कामगाराने वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने राहायचं, मग देश सोडायचा, पुन्हा नवा परवाना घेऊन यायचं. आणि बायको, नवरा, मुलं आणायची नाहीत. ही बाई लहानपणी आजीकडे राहिली. आई वर्षातून तीन महिने दिसायची. "आम्ही नशीबवान," ती म्हणाली.

नशीबवान कशा, असं मी सूनबाईला विचारायला लावलं. तर म्हणाली की पुष्कळांना मुलांना सोडवत नसे, ते त्यांना चोरून आणत. मग ती मुलं दिवसभर खोलीत कुलूपबंद. रडायचं नाही, खिडकीशी यायचं नाही, जिन्यात पावलं वाजली की पलंगाखाली जायचं. शेजाऱ्याने तक्रार केली तर आईबापांची हकालपट्टी. तिकडे या मुलांना कपाटातली मुलं म्हणतात. अशी हजारो मुलं होऊन गेली. इटालियन, स्पॅनिश, युगोस्लाव्ह, पोर्तुगीज. शाळेत घालायची सोय नाही, कारण कागदावर ती देशातच नव्हती. १९९० च्या आसपास काही कॅन्टनांनी कागद न बघता अशा मुलांना शाळेत घ्यायला सुरुवात केली. कायदा गेला तो २००२ साली.

मी ज्या शाळेत होते तिथे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्याच्या वाटेवर कोप्या पडायच्या. त्यातली दोन-चार पोरं शाळेच्या कुंपणाला धरून उभी राहायची. आत ये म्हटलं की पळायची. हजेरीपटात त्यांची नावं घालायची कशी, ती तर बीडच्या कुठल्याशा शाळेच्या पटावर. पुढे साखरशाळा निघाल्या, त्यांचंही पुढे काय काय झालं. पण पट आणि पोर दोन ठिकाणी, हे दृश्य मला ओळखीचं आहे. त्या बाईशी बोलताना मला कुंपणाला धरलेले हात दिसत होते. तिने तेवढ्यात उशीचे अभ्रे बदलून टोकं जुळवून चौकोनी घडीही घातली होती. तिची मुलगी झेरमाटच्या शाळेत सहावीत आहे. गणितात पुढे आहे म्हणाली.

हे सगळं मी इतकं मनाला लावून का घेतलं, ते घरच्यांना ठाऊक आहे. आमचा मुलगा चौदा वर्षं तिकडे आहे, झुरिकजवळच्या एका गावात. नातू तिथेच जन्मला, पण तिकडे नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. मुलाने आता अर्ज केला आहे. दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, भाषा लागते, आणि गाव, कॅन्टन, देश अशा तिन्ही पायऱ्यांवर होकार लागतो. सुरुवात गावापासून. झाइलरच्या काळापासून एवढं काही बदललेलं नाही. आणि होकार आला की आपला निळा पासपोर्ट परत करायचा, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. हे वरकरणी काही बोलत नाहीत. पण त्या हॉटेलात रात्री दोन वाजता उठून खिडकीत बसले होते, डोंगर बघत. मी विचारलं नाही.

स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं. ज्या गावाने तुम्हाला किंवा तुमच्या पणजोबाला आपलं म्हटलं ते गाव, मग तुम्ही ते पाहिलेलं असो वा नसो. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या आडनावातच मूळ गाव असतं. आमच्या आडनावाच्या शेवटीही कर आहे, आणि त्या गावात आमचा जमिनीचा तुकडा नाही, घर नाही, देवाला गेलो तर पुजारी आडनाव विचारतो आणि म्हणतो, अहो, तुम्ही इथलेच की! नातवाच्या पासपोर्टावर उद्या झुरिकजवळचं ते गाव मूळ गाव म्हणून येईल आणि पुढे आडनावात आमचं कोकणातलं. दोन मूळ गावं, एका ओळीत.

मुलाची गावच्या कचेरीतली मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. कॅन्टन किती, सरकार कसं बनतं, गावातून कोणता ओढा जातो, गावचा सण कोणता, असलं सगळं विचारतात म्हणे. नातू रोज संध्याकाळी त्याची उजळणी घेतो आणि चुकलं की छद्मी हसतो. परवा फोनवर ह्यांनी मुलाला विचारलं, "एवढं सगळं पाठ करून त्या गावच्या जंगलात तुला वाटा किती मिळणार?"

"काही नाही बाबा. ते दिवस गेले. मत मिळेल फक्त."

"मग लाकूड विकतच घ्यावं लागणार," हे म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.